लेकरू कडेवर, बॅगा हातात: युरोपात रेल्वे घ्यावी की विमान?

विमान फक्त सव्वा तासाचं होतं, आणि तेवढंच बघून आम्ही ते काढलं होतं. लेक तेव्हा बावीस महिन्यांची. सकाळी साडेनवाला हॉटेल सोडलं. विमानतळाची बस सव्वा तास चालली, कारण बरीच स्वस्त विमानं शहराजवळ उतरतच नाहीत. सुरक्षा तपासणीला प्रॅमची घडी, लेक कडेवर, तिच्या दुधाच्या बाटलीची वेगळी तपासणी. गेटपाशी पुन्हा प्रॅमची घडी. उतरल्यावर बॅगा आल्या, पण प्रॅम काही येईना. पाऊण तासाने कळलं की मोठ्या आकाराचं सामान हॉलच्या दुसऱ्या टोकाच्या दारातून येतं. तोवर लेक माझ्या खांद्यावर झोपलेली, तिची लाळ माझ्या कुर्त्यावर, आणि नवरा दिसेल त्या गणवेशाला गाठून ‘प्रॅम, प्रॅम’ करतोय. हॉटेलात पोचलो तेव्हा संध्याकाळचे पावणेपाच वाजले होते. त्या दोन शहरांमध्ये थेट रेल्वे होती, चार तासांची.

त्यानंतर लेकीला घेऊन युरोपात आणखी एक सहल झाली, आणि ओळखीतल्या तीन-चार घरांचे बेत माझ्या डायनिंग टेबलावर ठरले. रेल्वेच बरी किंवा विमानच बरं, असं माझं म्हणणं नाही. एक ते तीन वर्षांच्या मुलाबरोबर प्रवास ठरवताना तिकिटावरचे तास फसवतात. त्याऐवजी मी जे मोजते त्याला आमच्या घरात ‘उचलठेव’ म्हणतात. मुलाला किती वेळा उचलावं लागणार, बांधावं लागणार, झोपेतून काढावं लागणार, तो आकडा.

पायरी पहिली: भारतातून कुठे उतरायचं ते ठरवा

मुंबईहून युरोपला जाताना विमानाला पर्याय नाही. खरा प्रश्न पहिल्या विमानतळावर उतरल्यानंतरचा आहे. त्यामुळे आधी नकाशा उघडा आणि उतरायचं ठिकाण असं निवडा की पुढचा पहिला टप्पा छोटा राहील. फ्रँकफर्ट विमानतळाला लांब पल्ल्याच्या गाड्यांचं स्वतःचं स्टेशन आहे, टर्मिनल एकपासून चालत जाता येतं. झुरिक आणि अ‍ॅमस्टरडॅमच्या स्किपोल विमानतळांखालीच रेल्वे आहे. पॅरिसच्या शार्ल द गोल विमानतळावर टर्मिनल दोनमध्ये टीजीव्हीचं, म्हणजे फ्रान्सच्या वेगवान गाड्यांचं, स्टेशन आहे. सामानाची ट्रॉली ढकलत लिफ्टने खाली गेलात की फलाट.

माझे दीर जर्मनीत कार्ल्सरुहेला राहतात. फ्रँकफर्ट विमानतळाहून तिथे थेट गाडीने साधारण तासभर लागतो. आम्ही तो तास रेल्वेने केला आणि पश्चात्ताप झाला नाही. पण रात्रभराच्या विमानानंतर तीन-चार तासांची गाडी मी घेणार नाही. मुंबईची विमानं बहुतेक मध्यरात्रीनंतर सुटतात, आठ-नऊ तास चालतात, म्हणजे उतरता तेव्हा घरातल्या कोणाचीच झोप झालेली नसते. पुढचा टप्पा दोन तासांहून मोठा असेल तर एक रात्र उतरलेल्या शहरातच काढा, किंवा भारतातूनच एका तिकिटावर पुढचं विमान घ्या.

‘एका तिकिटावर’ हे नीट समजून घ्या. एका तिकिटावरचं पहिलं विमान उशिरा आलं आणि दुसरं चुकलं, तर पुढची सोय करणं हे विमान कंपनीचं काम, आणि सामानही थेट पुढे जातं. विमान वेगळं आणि रेल्वे वेगळी काढली असेल तर विमानाच्या उशिराशी रेल्वेला देणंघेणं नाही. जर्मनीची स्वस्त तिकिटं ठरावीक गाडीलाच बांधलेली असतात. विमान दोन तास लेट झालं की ते तिकीट गेलं. म्हणून उतरण्याच्या दिवशीचं रेल्वेचं तिकीट कोणत्याही गाडीला चालणारं घ्या, महाग पडलं तरी. पैसे वाचवायचे ते पुढच्या टप्प्यांत वाचवा.

जाताना एक शहर आणि येताना दुसरं, असं तिकीट जमलं तर फार बरं. फ्रँकफर्टला उतरून रोमहून परत निघालं तर अख्खा युरोप उलटा पार करून यावं लागत नाही.

पायरी दुसरी: दारापासून दारापर्यंतचे तास मांडा

कागद घ्या. पॅरिस ते अ‍ॅमस्टरडॅम उदाहरण म्हणून धरू. विमान हवेत सव्वा तासाच्या आसपास असतं. त्यात हॉटेलपासून विमानतळापर्यंतचा तास मिळवा, दोन तास आधी पोचणं मिळवा, उतरल्यावर बॅगांचा अर्धा-पाऊण तास मिळवा, स्किपोलहून शहरातली पंधरा-वीस मिनिटं मिळवा. पाच तासांच्या वर गेलात. थेट रेल्वे साधारण तीन तास वीस मिनिटांची, स्टेशन शहरात, अर्धा तास आधी पोचलं तरी चालतं. सगळं धरून चार-सव्वाचार तास.

आता उचलठेव मोजा. विमानात: शहरातल्या गाडीत चढताना एक, विमानतळावर उतरताना दोन, तपासणीला तीन, गेटपाशी प्रॅम देताना चार, विमानात पट्टा बांधताना पाच, उतरून प्रॅम येईपर्यंत सहा, पुन्हा गाडीत चढणं-उतरणं सात आणि आठ. रेल्वेत: स्टेशनात नेणारी टॅक्सी, गाडीत चढणं, उतरणं, पुढची ट्राम. चार. रेल्वेत मधले सव्वातीन तास सलग असतात आणि मूल झोपलं तर त्याला कोणी उठवत नाही. विमानात ते डोळे मिटतं आणि तेवढ्यात पट्टे बांधायची घोषणा होते.

हाच हिशेब उलटाही पडतो. पॅरिस ते रोम विमान दोन तासांचं. रेल्वेने मिलान किंवा तुरिनला गाडी बदलून दहा तासांच्या पुढे. हा टप्पा एका दिवसात करायचा असेल तर डोळे मिटून विमान घ्या. माद्रिद ते लिस्बन या दोन राजधान्यांमध्ये २०२० पासून थेट रेल्वेच नाही, मधे गाड्या बदलाव्या लागतात. तिथेही विमानच.

माझा ठोकताळा असा: थेट गाडी पाच तासांपर्यंत असेल तर रेल्वे. सात तासांच्या वर विमान, किंवा मधे एक मुक्काम. पाच ते सात मध्ये मूल बघायचं. आमची लेक खिडकीतल्या गाई बघत दोन तास काढते, तिचा मावसभाऊ दहा मिनिटं बसत नाही. आणि गाडी बदलावी लागत असेल तर प्रत्येक बदलाचा मी दीड तास धरते. बदल प्रत्यक्षात वीस मिनिटांचा असला तरी दमवतो तेवढाच.

थेट आणि सोप्या काही जोड्या सांगून ठेवते. लंडन–पॅरिस सुमारे सव्वादोन तास, कार्ल्सरुहे–पॅरिस अडीच, फ्रँकफर्ट–पॅरिस चार, पॅरिस–झुरिक चार, झुरिक–मिलान सव्वातीन, मिलान–रोम तीन-सव्वातीन, व्हिएन्ना–बुडापेस्ट पावणेतीन, व्हिएन्ना–प्राग चार. यातली एकही मी विमानाने करणार नाही.

पायरी तिसरी: मुलाचं वय आणि तिकीट

विमानात दोन वर्षांखालचं मूल मांडीवर. आंतरराष्ट्रीय तिकिटात साधारण मोठ्यांच्या भाड्याच्या दहा टक्के घेतात. युरोपातल्या स्वस्त विमान कंपन्या ठरावीक रक्कम आकारतात, आणि कधी कधी मांडीवरच्या बाळाची रक्कम आपल्या तिकिटापेक्षा जास्त निघते. दुसरा वाढदिवस सहलीच्या मधे येत असेल तर परतीला मुलाला स्वतंत्र सीट लागते. हे तिकीट काढतानाच सांगा, विमानतळावर वाद घालून उपयोग होत नाही.

लांबच्या विमानातल्या भिंतीवरच्या पाळण्यावर भिस्त ठेवू नका. त्याला वजनाची मर्यादा असते, कंपनीनुसार १० ते १४ किलो, शिवाय उंचीचीही. चालतं मूल त्यात मावत नाही. दीड वर्षाच्या पुढच्या मुलाला मांडीवर घेऊन नऊ तास बसणं हे मी एकदा केलंय. परवडत असेल तर सीट घ्या.

रेल्वेत मोठा फायदा इथेच आहे. आपल्याकडे पाच वर्षांखालचं मूल वेगळा बर्थ न घेता फुकट जातं, तसंच तिकडेही. जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडमध्ये सहा वर्षांखाली फुकट. ब्रिटनमध्ये पाच वर्षांखाली. लंडन–पॅरिस धावणारी युरोस्टार आणि इटलीची सरकारी रेल्वे ट्रेनितालिया यांत चार वर्षांखालचं मूल मांडीवर फुकट. फ्रान्सच्या टीजीव्हीतही चार वर्षांखाली मांडीवर फुकट, आणि थोडे पैसे भरून त्याच्यासाठी वेगळी सीट घेता येते.

पण फुकट म्हणजे सीट नाही. गाडी रिकामी असेल तर प्रश्न नाही, शुक्रवारी दुपारी आणि सुट्टीच्या दिवसांत मात्र ती भरून वाहते. जर्मनीत नुसतं तिकीट असलं की सीट मिळते असं नाही, आरक्षण वेगळं करावं लागतं. पूर्वी तिथे अख्ख्या कुटुंबाचं स्वस्त आरक्षण मिळायचं, ते २०२५ च्या जूनमध्ये बंद झालं. आता दर सीटचे पैसे वेगळे. तरीही तिघांच्या तीन सीट घ्या. त्या तिसऱ्या सीटवर लेक झोपते आणि तुमच्या मांड्या सुटतात.

पायरी चौथी: गाडीत नेमका कुठला डबा

हे बहुतेकांना माहीत नसतं आणि तिकिटाच्या साइटवर एका कोपऱ्यात दडलेलं असतं. जर्मनीच्या वेगवान आयसीई गाड्यांत लहान मुलांचा बंद कप्पा असतो, जर्मन नाव ‘क्लाइनकिंड-आबटाइल’. प्रॅम उभी करायला जागा, दार लावलं की मूल आत. आरक्षण करताना सीटच्या प्रकारात हा पर्याय शोधा. कप्पा एकच असतो, त्यामुळे लवकर भरतो. तो मिळाला नाही तर त्याच गाडीत कुटुंबांसाठी राखलेला भाग असतो, तो घ्या.

स्वित्झर्लंडच्या दुमजली इंटरसिटी गाड्यांत कुटुंबाचा डबा असतो आणि त्याच्या वरच्या मजल्यावर चक्क घसरगुंडीसकट खेळायची जागा. आमच्या लेकीने झुरिकहून निघालेल्या त्या गाडीत आल्प्स बघितलेच नाहीत. ती घसरगुंडीवरून उतरली, पुन्हा चढली, आणि तिच्याएवढ्याच एका स्विस पोराशी कोणतीही भाषा न बोलता पाऊण तास भांडली. आम्ही दोघांनी सहा दिवसांत पहिल्यांदा कॉफी गरम असताना प्यायली. ऑस्ट्रियाच्या रेलजेट गाड्यांत कुटुंबांच्या भागात मुलांचे सिनेमे दाखवणारा पडदा असतो.

फ्रान्सच्या दुमजली टीजीव्हीची गोम वेगळी. एका डब्यातून दुसऱ्यात जायची वाट वरच्या मजल्यावरून आहे, खालून नाही. खाली सीट घेतली तर प्रॅम आणि बॅगा चढवायला सोपं, पण मुलाला फिरवायचं तर दर वेळी जिना. वर घेतली तर फिरणं सोपं आणि सामानाची कसरत. चालायला नुकतं शिकलेलं मूल असेल तर मी खालची सीट घेते. धावणारं असेल तर वरची.

झुरिक–मिलान गाडी गोथार्डच्या ५७ किलोमीटर लांबीच्या बोगद्यातून जाते. वीसेक मिनिटं खिडकीत काळोख. तेवढ्यापुरती स्टिकरची नवी वही पिशवीत लपवून ठेवा आणि काळोख झाला की काढा.

पायरी पाचवी: स्टेशनातली तारांबळ

रेल्वेची बाजू घेतली तरी तिचे दोष झाकायचे नाहीत. जर्मन रेल्वे वेळेवर धावते ही आपल्याकडची समजूत जुनी झाली. २०२४ मध्ये तिथल्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी ६२.५ टक्केच वेळेवर होत्या, आणि त्यातही सहा मिनिटांच्या आतला उशीर ते उशीर धरत नाहीत. त्यामुळे साइट तुम्हाला आठ मिनिटांत गाडी बदलायला सांगेल तेव्हा ऐकू नका. पुढची गाडी निवडा. मुलाबरोबर पाऊण तासाचा मोकळा वेळ वाया जात नाही, नॅपी बदलण्यात आणि ब्रेड खाण्यात तो संपतोच.

युरोपीय संघात रेल्वेला तासाहून जास्त उशीर झाला तर भाड्याच्या २५ टक्के आणि दोन तासांहून जास्त झाला तर ५० टक्के परत मागता येतात. विमानाला तीन तासांहून जास्त उशीर झाला, आणि दोष कंपनीचा असला, तर १,५०० किलोमीटरपर्यंतच्या प्रवासाला २५० युरो भरपाई आहे. तिकिटं आणि बोर्डिंग पास फेकू नका.

गाडी मधल्या स्टेशनांत दोन-चार मिनिटंच थांबते. फलाटावर ए, बी, सी असे विभाग लिहिलेले असतात आणि तुमचा डबा कोणत्या विभागासमोर येणार ते फलकावर दिसतं, आपल्याकडे कोच पोझिशन लागते तसंच. पण गाडी उलटी लागली की सगळेच धावत सुटतात. म्हणून प्रॅममध्ये मूल ठेवून फलाटावर उभं राहू नका. गाडी यायच्या दहा मिनिटं आधी मुलाला अंगाला बांधायच्या कॅरिअरमध्ये घ्या आणि प्रॅम घडी करून टाका. मूल बांधलेला माणूस आधी चढतो, दुसरा खालून बॅगा देतो आणि शेवटी स्वतः चढतो. दोघांच्याही फोनमध्ये तिकिटं हवीत, कारण एखादा खाली राहिलाच तर त्याला पुढची गाडी धरता यायला हवी. आमच्यावर ती वेळ आली नाही, पण दार लागताना एक बॅग माझ्या पायावर पडली होती.

बॅगा किती, तर माणशी एक, आणि अशी की एका हाताने डब्याच्या पायऱ्यांवर उचलता येईल. आपण भारतातून निघताना ३० किलोची परवानगी आहे म्हणून ३० किलो भरतो. विमानतळावर ट्रॉली असते, रेल्वेच्या दारात ती तीस किलो तुम्हीच उचलायची असते.

पॅरिसमध्ये स्टेशन बदलणं हा स्वतंत्र विषय. लंडनची गाडी गार दु नोर्ला येते, फ्रँकफर्टची गार द लेस्टला, आणि झुरिकची सुटते गार द ल्योंहून. १४ क्रमांकाची लाइन सोडली तर तिथल्या बहुतेक मेट्रो स्टेशनांत लिफ्ट नाही. नकाशावर दोन बोटांचं अंतर दिसतं, प्रत्यक्षात प्रॅम खांद्यावर घेऊन जिने आहेत. टॅक्सी करा आणि दीड तास हातात ठेवा. त्याहून बरं म्हणजे पॅरिसला दोन-तीन रात्री राहा, मग स्टेशन बदलायचा प्रश्नच उरत नाही.

लंडन–पॅरिस गाडीला मात्र साधी रेल्वे समजू नका. पासपोर्ट तपासणी निघतानाच होते, सामान क्ष-किरणांतून जातं, आणि दीड तास आधी पोचावं लागतं. तरी पाण्या-दुधाला १०० मिलिलिटरची अट नाही, हा मोठा दिलासा.

पायरी सहावी: विमानच घ्यायचं ठरलं तर

विमानतळाचं नाव नीट वाचा. ‘पॅरिस’ म्हणून विकलेलं बोवे विमानतळ शहरापासून सुमारे ८० किलोमीटरवर आहे, ‘फ्रँकफर्ट’ म्हणून विकलेलं हान त्याहूनही लांब, सुमारे १२० किलोमीटर. पुण्याहून साताऱ्याला जायला जेवढं अंतर, त्याच्या आसपास.

बाळाच्या दुधाला आणि खाण्याला १०० मिलिलिटरच्या नियमातून सूट आहे, प्रवासाला लागेल तेवढं नेता येतं. फक्त ते पिशवीच्या वर ठेवा, कारण बाहेर काढायला सांगतात. प्रॅम बहुतेक कंपन्या फुकट नेतात. ती गेटवर द्यायची असेल तर परत कुठे मिळणार, विमानाच्या दारात की पट्ट्यावर, हे देतानाच विचारा. एवढा एक प्रश्न मी त्या दिवशी विचारला असता तर पाऊण तास वाचला असता.

कानांचं दुखणं चढताना कमी आणि उतरताना जास्त. विमानातला हवेचा दाब साधारण १,८०० ते २,४०० मीटर उंचीवर असतो तेवढा ठेवलेला असतो, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या (१,६४६ मीटर) माथ्यापेक्षाही उंच. विमान खाली यायला लागलं की मुलाला काहीतरी चोखायला किंवा प्यायला द्या. उतरायच्या अर्धा तास आधी मूल झोपलेलं असेल तर मी हलकेच उठवते, कारण झोपेत ते फारसं गिळत नाही आणि मग एकदम किंचाळत उठतं. सर्दी भरलेली असेल तर निघण्याआधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा. तेव्हा चार तासांची रेल्वे केव्हाही बरी.

उंचीचा विषय निघालाच आहे तर, आपली मंडळी स्वित्झर्लंडला गेली की टिटलिस किंवा युंगफ्राउयोख ही उंचावरची बर्फाळ ठिकाणं करतातच. युंगफ्राउयोख ३,४५४ मीटरवर आहे आणि तिथे रेल्वेच नेते, पण दोन वर्षांखालच्या मुलाला इतक्या उंचीवर न्यायचं का, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवा. आम्ही नेलं नाही. खालच्या दरीतली साधी गाडी आणि गाईंच्या गळ्यातल्या घंटा तिला पुरल्या.

पायरी सातवी: झोपेच्या वेळेवर गाडी बसवा

जर्मनी, फ्रान्स, इटली या भागात आपल्यापेक्षा घड्याळ उन्हाळ्यात साडेतीन तास मागे असतं, हिवाळ्यात साडेचार. पुण्यात सकाळी साडेसहाला उठणारं मूल तिथे उन्हाळ्यात पहाटे तीनला टक्क जागं. आणि घरी दुपारी एकला झोपणारं मूल तिथे साडेनवालाच पेंगतं. पहिल्या चार-पाच दिवसांत याचा फायदा घ्या. साडेनऊच्या आसपास सुटणारी गाडी निवडली की ती हलायला लागते आणि मूल झोपतं. संध्याकाळी पाचनंतरची गाडी मात्र टाळा. घरच्या घड्याळाने तेव्हा रात्रीचे साडेआठ वाजून गेलेले असतात आणि मूल किरकिरीला येतं.

रात्रीच्या गाडीचं आकर्षण आपल्याला असतंच. महालक्ष्मीने रात्री निघून सकाळी कोल्हापूर, ही सवय रक्तात आहे. ऑस्ट्रियाच्या नाइटजेट गाड्यांत फक्त तुमच्या कुटुंबाचा असा पूर्ण कप्पा घेता येतो, आणि घ्यायचा तर तोच घ्या. अनोळखी लोकांबरोबर रडणारं मूल म्हणजे सगळ्यांनाच शिक्षा. बर्थ अरुंद, आणि वर जायला शिडी. दोन वर्षांच्या मुलाला ती शिडी दिसली की संपलं. शिवाय सकाळी सात-आठला पोचता आणि हॉटेलची खोली दुपारी तीनला मिळते. आदल्या रात्रीची खोली धरलेली असेल, किंवा नातेवाइकांचं घर असेल, तरच हा मार्ग सोयीचा. नाहीतर तुम्ही अंघोळीविना, बॅगांसकट, एका बागेत बसलेले असता.

पायरी आठवी: कागद आणि खाऊ

मुलाला स्वतःचा पासपोर्ट आणि स्वतःचा व्हिसा लागतो. शेंगेन व्हिसाची (युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणाऱ्या एकाच व्हिसाची) फी सहा वर्षांखालच्या मुलांना नाही, आणि बारा वर्षांखाली बोटांचे ठसे घेत नाहीत. विमा किमान ३०,००० युरोंचा, मुलाचाही. एकाच पालकाबरोबर जात असाल तर दुसऱ्याचं नोटरी केलेलं संमतिपत्र आणि जन्मदाखला जवळ ठेवा. लंडन धरायचं असेल तर ब्रिटनचा व्हिसा वेगळा, आणि पॅरिसहून लंडनला जाऊन परत युरोपात यायचं असेल तर शेंगेन व्हिसावर एकाहून जास्त प्रवेश असायला हवेत.

१२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमेवर नवी संगणकीय नोंद सुरू झाली आहे. पहिल्या प्रवेशाला मोठ्यांचे ठसे आणि फोटो, लहानांचा फक्त फोटो. त्यामुळे रांगा लांबू शकतात. उतरल्यावर लगेच गाठायची गाडी ठरवली असेल तर हा वेळही धरा. शेंगेनमध्ये रेल्वेने देश बदलताना सहसा कोणी अडवत नाही, पण जर्मनीच्या सीमेवर पोलीस डब्यात येऊन कागद बघतात. पासपोर्ट बॅगेच्या तळाशी नकोत.

आणि खाऊ. भारतातून युरोपीय संघात दूध-दुभत्याचे पदार्थ आणता येत नाहीत. आजीने दिलेलं तूप, पेढे, बर्फी, सगळं त्यात आलं. अपवाद बाळाच्या दुधाच्या भुकटीचा आणि बाळखाण्याचा: कंपनीच्या बंद पाकिटात, थंड न ठेवता टिकणारं, माणशी दोन किलोंपर्यंत. फळांवरही निर्बंध आहेत, पण केळ्यांना मुभा आहे. आम्ही मेतकूट, मुरमुरे, नाचणीचं पीठ आणि राजगिऱ्याची वडी नेली होती. एकदा आत शिरलात की पुढे शेंगेनमधल्या रेल्वेप्रवासात डब्याला कोणी हात लावत नाही. भाड्याच्या घरात सकाळी मऊ भात शिजवायचा, तूप तिथल्या दुकानातल्या लोण्याचं कढवून घ्यायचं, थर्मासमध्ये मेतकूट-भात भरायचा. बाहेर एकशे ऐंशीच्या वेगाने शेतं पळतायत आणि समोर लेक मेतकूट-भात खातेय, हे विमानात जमणारं नाही.

शेवटची पायरी: परतीचा दिवस

ज्या शहरातून भारताचं विमान आहे, तिथे आदल्या रात्रीच पोचा. त्याच दिवशी सकाळी तीन तासांची गाडी पकडून दुपारचं विमान गाठायचा बेत कागदावर चांगला दिसतो, पण गाडी रुळावर उभी राहिली तर विमान थांबत नाही. रोमहून परतताना आम्ही आदल्या संध्याकाळीच पोचलो, टर्मिनी या मुख्य स्टेशनाजवळ एक लहानशी खोली घेतली. तीन बॅगांच्या दोन करून झाल्या होत्या, प्रॅमचं एक चाक मिलानमध्येच सैल झालं होतं, ते नवऱ्याने केसांच्या रबरबँडने बांधलं. सकाळी विमानतळाच्या गाडीत लेकीने खिडकीला नाक लावलं आणि विचारलं, ‘गाई कुठायत?’